आयलें?

आमचा टीव्ही घरात होता, पण अँटेना घरावर नव्हता.
तो मागल्या माडाला बांधलेला,
कारण मुंबई समुद्रावरून यायची
आणि कौलांच्या उंचीवर तिला मांद्रे दिसत नसे,
असं बाबांचं शास्त्र.

सगुण पाडेली चढायचा.
नारळ पाडायचे पैसे वेगळे, मुंबई धरायचे वेगळे.
वरून हाक: आयलें?
खिडकीत मी. मी बाबांकडे बघायची, बाबा मुंग्यांकडे.
ना!
मात्शें दावें?
ना!
राव, राव, तशेंच धर!
आणि मुंग्यांतून एक बाई निघायची,
आधी खांदा, मग कपाळ,
मग बातम्या.

टीव्हीचं लाकडी खोकं तामू सुताराने केलेलं,
म्हणून पहिली खुर्ची त्याची.
उंबऱ्यावर लिगोरिन मावशी, सुक्या सुंगटांच्या वासासकट.
द्राक्षांवरच्या भुरीबद्दल अर्धा अर्धा तास ऐकलं आम्ही.
वाड्यावर कोणी द्राक्षाचा वेल पाहिला नव्हता,
काजूला काय होतं ते कोणी विचारत नव्हतं.
तरी तामू गंभीरपणे सांगायचा, गंधक मारूंक जाय,
आणि लिगोरिन म्हणायची, व्हय तर.

पावसाचे चार महिने माड निसरडा.
किनाऱ्यावर होड्या झावळ्यांखाली,
घरात टीव्ही आईने विणलेल्या जाळीखाली,
दोघं नारळी पुनवेची वाट बघत.

आता कशानेच अडत नाही.
अंगठा सरकवते आणि येत राहतं:
कुणाचं तरी मांजर,
आमच्याच किनाऱ्यावरच्या खोपींचे दर रशियनमधून सांगणारा पोरगा,
चुलतबहिणीची शिळी सकाळ,
एक भांडण, मग त्या भांडणावरचं भांडण.
एकटी बघते. ही तक्रार नव्हे.
सुंगटांचा तो वास मला तेव्हाही सोसत नसे.

परवा रात्री अंगठ्याखाली माड आला.
गौरेश, सगुणाचा नातू,
कमरेला कोयता, कपाळावर कॅमेरा.
चव्वेचाळीस हजार लोक त्याच्याबरोबर चढून गेलेत.
अर्ध्यावर तारेचा गंजका वेढा दिसला,
त्यात अडकलेल्या दोन वाकड्या दांड्या.
आमचा अँटेना.
तो होता तिथेच आहे,
माड त्याला सोडून वर निघून गेला.

शेंड्यावर पोरगा बोलत नाही. धापा. मग मान सावकाश फिरते:
समुद्र. खाडीचं वळण. देवळाचा कळस.
भाटात उठलेलं रिसॉर्ट, निळ्या पाण्याचा चौकोन.
आणि अडीच सेकंद
आमची खिडकी.

मागे नेलं. थांबवलं. परत मागे.
काडेपेटीएवढी असते ती वरून.

इतकी वर्षं सगुण हेच बघत होता.
दिवेलागणीला एक उजळ चौकोन,
आत डोकी, तोंडं हलताहेत, आवाज नाही.
जे आम्हाला दिसावं म्हणून तो वारा अंगावर घ्यायचा
त्यातलं त्याने काही पाहिलं नाही.
उतरेपर्यंत बातम्या संपत.
ओसरीच्या खांबामागे त्याचा वेगळा कप असे,
मीच त्यात चहा ओतायची,
वरून, कपाला किटली न लावता.
तो विचारायचा, किदें सांगलें?
बाबा म्हणत, खास कांय ना.

व्हिडिओखाली लोकांच्या ज्वाळा, जोडलेले हात, पुन्हा ज्वाळा.
स्विंडनहून लिगोरिनच्या लेकीचं लाल हृदय.
मी लिहिलं, तुझे आजोबा. पुसलं.
लिहिलं, आमच्या घरी. तेही पुसलं.
मग खूप वेळ नुसती कांडी लुकलुकत राहिली
रिकाम्या चौकटीत.

शेवटी एकच शब्द टाकला.
आयलें.
मिनिटभरात त्याचा अंगठा आला.
त्याला काय कळलं असेल कोण जाणे.
कोणीतरी मावशी, वाड्यावरचीच,
असंच त्याला वाटलं असणार.